शिंदी झाडाला लागते का?

12 जानेवारीला शाळांमध्ये जिजाऊ आणि विवेकानंद यांची जयंती असते. सोलापुरात याच दिवशी आणखी एक कार्यक्रम असतो, पण बहुतेक शाळांत तो तिसऱ्या क्रमांकावर येतो आणि घाईत उरकला जातो. 1931 साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. पार्क चौकात या चौघांचे पुतळे आहेत. पुण्याला जाणारी ‘हुतात्मा एक्स्प्रेस’ त्यांच्याच नावाची. गाडीत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, तो वेगळा प्रश्न.

काही वर्षांपूर्वी या दिवशी मी आठवीच्या वर्गात मार्शल लॉची हकिकत सांगत होतो. शाळा उर्दू माध्यमाची, पण हा धडा मी मराठीतूनच घेतो. या शहराचा इतिहास मुलांनी शहराच्या भाषेत ऐकावा असं मला वाटतं. “लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले,” असं म्हणालो आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. मला वाटलं शिंदी या शब्दाला हसले. तेवढ्यात एका मुलाने अगदी गंभीरपणे विचारलं, “सर, शिंदी झाडकू लगती क्या? वो तो पिशवीमें आती.”

हसू त्याचं होतं. झाड तोडायचं कशाला, हे त्याला खरंच कळत नव्हतं. तो जिथे राहतो तिथे शिंदी दुकानात मिळते, प्लास्टिकच्या पिशवीत, पांढरट पाण्यासारखी. तिचा झाडाशी संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्याच्या पिशवीतल्या शिंदीचा झाडाशी संबंध नव्हताच. या पोराच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. ते त्या तासात जमलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

शिंदी म्हणजे रानखजूर. ताड वेगळा, शिंदी वेगळी. ताडाची पानं पंख्यासारखी, शिंदीची पिसासारखी, काटेरी. ओढ्याकाठी, तळ्याच्या कडेला, बांधावर ती आपोआप उगवते. थंडीच्या दिवसांत तिच्या शेंड्याखाली खाच पाडून मडकं बांधतात. रात्रभर रस गळतो. पहाटे उतरवलेला हा रस गोड असतो, त्याला नीरा म्हणतात. मडक्याला आतून चुना लावला तर तो काही काळ गोड राहतो. चुना नसेल आणि ऊन वर आलं, तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट काम सुरू करतं, रसाला फेस येतो, आंबूस वास येतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. सकाळची नीरा आणि दुपारची शिंदी यांच्यात फरक फक्त काही तासांचा आहे. या शिंदीत अल्कोहोल असतं, पण दारूच्या मानाने थोडं. कष्टकरी माणूस ती पोटभर पीत असे. सोलापुरात बोलताना लोक ताडी आणि शिंदी हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, मीही पुढे कुठे तसं केलं तर समजून घ्यावं.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेला विणकर समाज मोठा. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीने आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, निजामाच्या मुलखातून माणसं खेचून आणली. तेलंगणात ताडी-शिंदी हे रोजच्या जगण्यातलं पेय होतं. बारा-बारा तास साच्यावर उभं राहिलेला माणूस संध्याकाळी दुकानाकडे वळला तर त्यात नवल काही नव्हतं. आणि त्यात जात-धर्माचा भेदही फारसा नव्हता. आपल्या लोकांत असं काही नव्हतं, हे दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणण्याची सवय आपल्याला आहे. गिरणीत मुसलमान कामगार होते, तसे ते दुकानातही होते.

आता सरकारचा भाग. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूबरोबर ताडी-शिंदीवरही सरकारचा ताबा पक्का केला. झाड तुमच्या बांधावरचं असलं तरी परवान्याशिवाय त्याला खाच पाडता येईना. झाडागणिक कर, दुकानाचा लिलाव. जमीन महसुलाच्या खालोखाल मुंबई इलाख्याच्या तिजोरीत भर घालणारं हे खातं होतं. याचा अर्थ सरकारला लोकांनी जास्त प्यावं यातच फायदा होता. महात्मा फुल्यांनी 1880 मध्येच पुणे नगरपालिकेला दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं होतं, तेव्हा हा मुद्दा काँग्रेसने शोधून काढलेला नव्हे. गांधीजींनी 1930 च्या सुरुवातीला आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात पहिली मागणी संपूर्ण दारूबंदीची होती, मिठाची नंतर. दांडीयात्रेनंतर एप्रिलमध्ये सुरत जिल्ह्यात त्यांनी खजुरीची झाडं तोडण्याचा कार्यक्रमही दिला. मीठ बनवणं म्हणजे एका करावर घाव, खजुरी तोडणं म्हणजे दुसऱ्या करावर. सोलापूरला समुद्र नाही. शिंदी मात्र होती.

5 मे रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ, मिरवणुका, गिरण्या बंद. 8 मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला जमाव शिंदीची झाडं तोडायला गेला. पोलिसांनी काही जणांना पकडलं. त्यांना सोडा म्हणून गर्दी वाढली, कलेक्टर नाईट फौजफाटा घेऊन आले आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण जागीच ठार झाला. मग शहर पेटलं. चौक्या जळाल्या, न्यायालय जळालं, पोलीस मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य जवळजवळ नव्हतंच. 12 मे रोजी मार्शल लॉ लागला आणि तो 30 जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घातली म्हणून, झेंडा लावला म्हणून माणसांना शिक्षा झाल्या. पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांवर खटला चालला आणि जानेवारीत ते फासावर गेले.

कुर्बान हुसेन तेव्हा विशीतला होता. गिरणी कामगारांत काम करायचा आणि ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचा. गझनफर म्हणजे सिंह. मुलांना हा शब्द मी फळ्यावर उर्दूत लिहून दाखवतो, त्यातला ‘ग़ैन’ आणि ‘ज़ाद’ दोन्ही त्यांना चुकतात. त्याच्यावर आपल्याकडे जे बोललं जातं त्यात एकच सूर असतो: बघा, फाशी गेलेल्यांत आमचाही एक होता. मला हे समजतं, आजच्या दिवसांत ते म्हणावं लागतं हेही समजतं. पण हे वाक्य म्हणून आपण थांबतो. तो गेला कशात, त्या दिवशी लोक कोणत्या झाडावर कुऱ्हाड घेऊन गेले होते, ते झाड कोणाच्या तिजोरीला पोसत होतं आणि कोणाच्या घरातली चूल विझवत होतं, हे आपण सांगत नाही. मग मुलाला तो फक्त पुतळा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी कायदा केला आणि 1950 च्या एप्रिलमध्ये राज्यभर संपूर्ण बंदी आली. 1930 ची मागणी कागदावर पूर्ण झाली. शिंदीची दुकानं बंद, आणि त्याच झाडाच्या रसाची नीरा सरकारी आशीर्वादाने विक्रीला. झाड तेच, फक्त चुना लावलेलं मडकं कायदेशीर आणि बिनचुन्याचं बेकायदा. हा प्रयोग फसला, आणि कसा फसला हे सोलापूरला चांगलं माहीत आहे. बंदीत हातभट्टी वाढली. गूळ, नवसागर, पिंप, ओढ्याकाठची चूल. इंग्रजांनी ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये कोंडलं होतं त्या जमातींना 1952 साली मोकळं केलं गेलं, पण मोकळं करून कामाला कुठे लावलं? जमीन नाही, गिरणीत जागा मर्यादित. त्यांच्यातल्या आणि तांड्यांवरच्या काहींना भट्टीने पोट दिलं, आणि मग तोच त्यांच्यावरचा शिक्का झाला. 2021 साली सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी ‘ऑपरेशन परिवर्तन’ चालवलं. त्यात धाडींबरोबर लोकांना दुसरा धंदा लावून देण्याचा प्रयत्न होता. सत्तर वर्षांत हे कोणाला आधी सुचलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

1960 च्या दशकात बंदी सैल होत गेली. ताडी-शिंदीचे परवाने परत आले. पण तोवर बरंच बदललं होतं. ओढे आटले, बांध सपाट झाले, शहर पसरलं. सोलापूर हा मुळात दुष्काळी जिल्हा, शिंदीची बनं इथे कधी कोकणातल्या माडांसारखी नव्हती. झाडावर चढणारी माणसंही कमी झाली. शिंदीचा रस मुख्यतः थंडीत सुटतो, एक झाड रात्रीत काही लिटर देतं, आणि तो रस एक दिवससुद्धा टिकत नाही. दुकान मात्र बारमाही चालू. वैशाखातही पिशवी तीच, चव तीच, भाव तोच. शाळेतल्या मुलाला हे गणित घातलं तर तोही सांगेल की उरलेला माल झाडाचा नाही.

तो माल पावडरीचा आहे. क्लोरल हायड्रेट. सोलापुरातल्या वर्तमानपत्रांत ‘रसायनमिश्रित ताडी’ या शीर्षकाखाली वर्षानुवर्षं जी बातमी येत असते, तीत बहुधा हेच नाव असतं. हे औषध जर्मनीत लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने 1832 मध्ये प्रथम तयार केलं आणि 1869 पासून ते झोपेचं औषध म्हणून वापरात आलं. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या श्रीमंत घरांत, वेड्यांच्या इस्पितळांत ते चमच्याने दिलं जायचं. पुढे चांगली औषधं आली, हे मागे पडलं. स्फटिकासारखं दिसतं, पाण्यात सहज विरघळतं, चव कडवट. ती मारायला सॅकरिन. दिसायला पांढरं करायला आणि फेस यायला आणखी काही. थोडी आंबवलेली खरी ताडी वासापुरती. झाली शिंदी. शिंदी या नावात आता शिंदी नाही.

याला मी गल्लीतलं ‘ड्रग’ म्हणतो, दारू म्हणत नाही, आणि हा शब्दांचा खेळ नाही. दारूची नशा आणि झोपेच्या औषधाची नशा शरीरात निराळी वागते. सवय लागलेल्या माणसाची पिशवी एकाएकी बंद झाली तर दोन-तीन दिवसांत हात कापतात, झोप उडते, भास होतात, फिट येते. 2015 च्या सप्टेंबरमध्ये तेलंगणात सरकारने भेसळीच्या ताडीवर एकदम कारवाई केली तेव्हा निजामाबाद, महबूबनगर, मेदक या जिल्ह्यांत माणसं अशाच अवस्थेत शेकड्यांनी दवाखान्यांत आली, काही दगावली. तिथे क्लोरल हायड्रेटबरोबर डायझेपाम, अल्प्राझोलामही वापरलं जातं. 2025 च्या जुलैमध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत पुन्हा बळी गेले. सोलापूर आणि तेलंगण यांचं नातं फक्त चादरी-टॉवेलचं आणि सोयरिकीचं नाही, पिशवीचंही आहे.

आता त्या मुलाकडे येतो. त्याचे अब्बा यंत्रमागावर काम करायचे. वर्गातल्या त्या प्रश्नानंतर काही आठवड्यांनी तो सलग चार दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेलो. अम्मी दारातच म्हणाली, “सर, इनकू कुछ हो गया. किसकी नजर लगी क्या की.” रमजान जवळ आला होता. अब्बांनी या वेळी रोजे धरायचेच म्हणून पिणं एका दिवसात सोडलं होतं. नियत पाक होती. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर माणसं दिसू लागली, मग झटके आले. घरच्यांनी आधी दम करून घेतलं, मग एका दर्ग्यावर नेलं, मग एका खासगी दवाखान्यात. तिथे विचारलं, पितात का? घरच्यांनी सांगितलं, नाही, दारूला हात लावत नाहीत. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी शिंदी म्हणजे दारू नव्हती. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही, तापाचं औषध देऊन घरी पाठवलं.

मी त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथल्या मुलगी वाटावी इतक्या तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितलं: पावडरची ताडी, किमान सहा-सात वर्षं, चार दिवसांपूर्वी एकदम बंद. तिने मान डोलावली आणि लगेच कामाला लागली. ‘शिंदी’ म्हटलं असतं तर तिने कदाचित वेगळा विचार केला असता. माणूस वाचला. सोडायची ती हळूहळू, औषधाच्या आधाराने, दवाखान्याच्या देखरेखीखाली सोडायला हवी होती, हे आम्हाला तिथे कळलं.

नंतर एकदा त्यांनी मला विचारलं, “सर, सच बोलो, शिंदी हराम है क्या? झाड का पानी है, खजूर की जात है.” हा प्रश्न त्यांनी विनोदाने विचारला नव्हता आणि तो मूर्खपणाचाही नाही. आपल्या फिकहमध्ये यावर फार जुनी चर्चा आहे. प्रेषितांच्या काळी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून नबीज करत, गोड असेपर्यंत पीत आणि उग्र होऊ लागली की ओतून देत. पुढे कूफ्याच्या उलेमांत प्रश्न निघाला की काही प्रकारची नबीज नशा येण्याआधीच्या मर्यादेत चालेल का. इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू युसुफ यांनी काहींना मुभा दिली. त्यांचेच शागीर्द इमाम मुहम्मद म्हणाले, जे जास्त घेतल्यावर नशा आणतं ते थोडंही नको. हनफी फतवा अखेर इमाम मुहम्मद यांच्या मतावर स्थिरावला. हदीसचा आशयही तोच आहे: नशा आणणारी प्रत्येक गोष्ट खम्रच. म्हणजे शरीयतचा प्रश्न झाडाचा, फळाचा किंवा अल्कोहोलचा नाही. नीरा चालते, फेस आला की नाही.

हे सगळं मी त्यांना सांगितलं आणि मग म्हणालो, तुमच्या पिशवीत तर खजुराची जातही नव्हती. ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, “मतलब मैं इत्ते साल क्या पिया?” मी नाव सांगितलं. त्यांना ते उच्चारता आलं नाही. आमच्या जुम्म्याच्या बयानांत शराब, जुगार, सूद यांवर भरपूर ऐकायला मिळतं, पण या पावडरीचं नाव मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. मौलानांना माहीत नसेल तर त्यांचाही दोष नाही, त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

या शहराची पुढची ओळख आणखी वेगळी होत चालली आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यातून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन पकडलं. किंमत दोन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली, एका माजी चित्रपट अभिनेत्रीचं नाव त्यात आल्याने बातमी देशभर गेली. तिच्यावरचा गुन्हा 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच चिंचोळीत मुंबई पोलिसांनी एमडी म्हणजे मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला. मेफेड्रोन 2015 च्या फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या यादीत आलं, त्याआधी ते मुंबईत ‘म्याऊ म्याऊ’ नावाने जवळजवळ उघड मिळायचं. या बातम्या वाचून लोक म्हणतात, सोलापूरचं नाव खराब झालं. कारखाने इथे, पण तो माल मुंबई-पुण्याच्या खिशाला परवडणारा. आमच्या मागावरच्या माणसाला एमडी ठाऊक नाही. त्याची पावडर स्वस्त आहे आणि त्याच्या बातमीला आतल्या पानावर चार ओळी मिळतात.

1930 मध्ये शिंदीचा पत्ता सगळ्यांना माहीत होता. झाड दिसत होतं, परवाना दिसत होता, तिजोरी कोणाची ते दिसत होतं. कुऱ्हाड कुठे घालायची ते कळत होतं. आज शिंदी पिशवीत आहे, पिशवीतलं पाणी कुठल्याशा बादलीत कालवलेलं आहे, बादलीतली पावडर कुठल्या शहरातल्या कुठल्या दुकानातून आली ते बातमीत कधी येत नाही. पकडला जातो तो पिशव्या भरणारा.

तो मुलगा आता बारावीत आहे. मागच्या थंडीत मी वर्गातल्या काही मुलांना घेऊन रूपाभवानीच्या बाजूला गेलो, तोही जुना विद्यार्थी म्हणून आला. कुठे एखादं झाड उरलंय का बघायला. मंदिराच्या आसपास घरं, रस्ता, गाड्या. शेवटी आम्ही शहराबाहेर एका ओढ्याच्या काठी गेलो, तिथे तीन शिंदी उभ्या होत्या, खाच एकीलाही नव्हती. मुलांनी खोडावर हात फिरवला, काटा एकाला लागला. तो मुलगा मान वर करून पाहत राहिला आणि मला म्हणाला, “सर, अब्बाकू लाके दिखाना पडता.” पुढच्या रविवारी तो त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन आला.